कमी दिवसांचा टोमॅटो आणि वर्षभराचा डबा: उदगीरच्या गच्चीवर डिहायड्रेशनचं तंत्र कसं चालतं?

२०२३ चा जुलै आठवतोय? टोमॅटो देशातल्या कितीतरी शहरांत किलोला १०० रुपयांच्या वर गेला होता, काही ठिकाणी तर २०० पर्यंत. व्हॉट्सॲपवर टोमॅटोचे मीम्स फिरत होते. त्यानंतर दोनच महिन्यांत भाव इतके कोसळले की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले. तेच पीक, तेच वर्ष. मग एवढा फरक कशामुळे? टोमॅटो एकदम येतो आणि आठवडाभरात सडतो, म्हणून.

भाव आपल्या हातात नाही. पण दोन गोष्टी आहेत: टोमॅटो कधी लावायचा, आणि आलेला टोमॅटो कसा टिकवायचा. आजच्या लेखात या दोन्हींमागचं शास्त्र, थोडं गणित आणि त्यात आपल्या स्मार्टफोनचा खरा उपयोग किती, हे बघूया. उदाहरण घेऊ उदगीरचं. लातूर जिल्ह्यातलं, बालाघाटच्या पठारावरचं, कर्नाटकच्या सीमेजवळचं गाव. तुम्ही नांदेड, अहमदपूर, देगलूर किंवा मुखेडला असाल तरी हिशोब जवळपास हाच राहील.

"शॉर्ट सीझन" टोमॅटो म्हणजे काय?

यूट्यूबवर "शॉर्ट सीझन टोमॅटो" शोधलं की कॅनडा, युरोप, रशियातले व्हिडिओ येतात. तिकडे बर्फ उशिरा वितळतो आणि लवकर परत पडतो. मधल्या तीन-चार महिन्यांत झाड लावून फळ काढावं लागतं. म्हणून तिथे सब-आर्क्टिक प्लेंटी, स्टुपिसे अशा लवकर येणाऱ्या जाती निघाल्या. सब-आर्क्टिक प्लेंटी कॅनडातली, स्टुपिसे चेकोस्लोव्हाकियातली.

आपल्याकडे बर्फ नाही. मग आपला सीझन शॉर्ट कसा? तर आपल्याला कापतं ते ऊन. टोमॅटोचं फूल फार नाजूक असतं. रात्रीचं तापमान साधारण १५ ते २० अंश असेल तर फळ छान धरतं. दिवसा ३५ च्या पुढे आणि रात्री २३-२४ च्या वर गेलं की परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळतं. झाड हिरवंगार दिसतं, फुलं येतात, पण फळ नाही. "माझ्या झाडाला फुलं येतात पण गळतात" ही एप्रिलमधली तक्रार बहुतेक वेळा यामुळेच असते.

दुसरी गोष्ट रंगाची. टोमॅटोला लाल करणारं द्रव्य म्हणजे लायकोपीन. तापमान ३० अंशांच्या वर सतत राहिलं की ते नीट तयार होत नाही. म्हणून मार्चच्या शेवटी येणारी फळं पिवळट-नारिंगी राहतात. वाळवायला तर लालभडक फळच हवं.

थोडक्यात, उदगीरचा टोमॅटो सीझन म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कॅनडातल्या माणसासारखीच आपल्यालाही खिडकी छोटीच मिळते, फक्त तिच्या एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला उन्हाळा आहे. त्यामुळे त्या थंड देशांतल्या जातींचं बियाणं ऑनलाइन महाग घेण्यात अर्थ नाही. त्या जाती थंडीसाठी निवडल्या आहेत, आपला प्रश्न वेगळा आहे.

कोणती जात घ्यायची?

बियाणं घेताना पाकिटावर दोन गोष्टी बघा.

पहिली, वाढीचा प्रकार. मर्यादित वाढीची झाडं एका उंचीला थांबतात आणि बरीचशी फळं तीन-चार आठवड्यांत देतात. अमर्याद वाढीची झाडं वेलासारखी चढत राहतात आणि थोडी थोडी फळं देतात. वाळवायचं असेल तर एकदम जास्त माल हवा, म्हणून मर्यादित वाढीची किंवा झुडपी जात बरी.

दुसरी, फळाचा गर. रसाळ, जास्त बियांचं फळ कोशिंबिरीला छान, पण वाळवताना पाणी उडवण्यातच वेळ जातो. लांबट, जाड गराचं, कमी बियांचं फळ वाळवायला उत्तम.

नावं सांगायची तर पुसा रुबी ही जुनी, लवकर येणारी आणि सरळ वाण असल्यामुळे बी धरून ठेवता येणारी जात आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची भाग्यश्री ही लायकोपीन जास्त असलेली, प्रक्रियेसाठी चांगली मानली जाते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. पण संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी लावून तसंच झाड मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

कॅलेंडर: कधी पेरायचं?

हा भाग फोनच्या कॅलेंडरमध्ये रिमाइंडर म्हणून टाकून ठेवा.

१. सप्टेंबरचा पहिला आठवडा: प्रो-ट्रेमध्ये किंवा जुन्या कपांमध्ये बी टाका. ट्रेवर बारीक जाळी बांधा. पांढरी माशी रोपांवर बसली की पर्णगुच्छ विषाणू येतो आणि मग झाड सावरत नाही.

२. ऑक्टोबरचा पहिला आठवडा: २५ ते ३० दिवसांचं रोप मोठ्या कुंडीत किंवा ग्रो बॅगेत लावा. एका झाडाला किमान १५ ते २० लिटरची जागा द्या.

३. डिसेंबरची सुरुवात: लागवडीपासून साधारण ६० ते ६५ दिवसांनी पहिली तोडणी.

४. जानेवारी अखेरपर्यंत: पहिली खेप संपते. लागवडीपासून शेवटच्या तोडणीपर्यंत साधारण ११० ते १२० दिवस.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला बियांची दुसरी खेप टाकली तर फेब्रुवारीपर्यंत तोडणी चालते. पेरणीची शेवटची तारीख १५ नोव्हेंबर धरा. त्यानंतर टाकलं तर फुलं नेमकी मार्चच्या उन्हात सापडतील.

आता एक टेक्निकल गंमत. पाकिटावर "६५ दिवस" लिहिलेलं असतं, पण झाड दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. याला ग्रोइंग डिग्री डे म्हणतात. हिशोब सोपा: दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवायचं, दोनने भागायचं आणि त्यातून १० वजा करायचे. समजा नोव्हेंबरात कमाल २९ आणि किमान १६ असेल, तर सरासरी २२.५, म्हणजे त्या दिवसाचे १२.५ गुण. डिसेंबरात २८ आणि १३ असेल तर १०.५ गुण. त्यामुळे डिसेंबरात झाड थोडं सावकाश चालतं. उशीर झाला म्हणून घाबरून जास्त खत टाकू नका. फोनमधल्या शीटमध्ये रोजचे दोन आकडे टाकत गेलात तर पुढच्या वर्षी तुमच्याकडे स्वतःच्या गच्चीचा डेटा असेल, आणि तो कुठल्याही व्हिडिओपेक्षा खरा असेल.

माती आणि पाणी: इथे खरी परीक्षा आहे

आपली काळी माती पाणी धरते, पण कुंडीत ती चिकट होते आणि सुकली की तडकते. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू असं मिश्रण करा. उदगीर-देवणी हा देवणी गाईंचा पट्टा. शेणखत मिळणं अवघड नाही, फक्त ते पूर्ण कुजलेलं असू द्या.

पाण्याचं महत्त्व लातूर जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. अशा भागात गच्चीवर पाईप धरून बाग भिजवणं परवडत नाही, आणि गरजही नाही. कुंडीतल्या मोठ्या झाडाला थंडीत रोज साधारण एक ते दोन लिटर पाणी पुरतं. मातीवर सोयाबीनच्या भुसकटाचा दोन-तीन इंच थर द्या. पाणी उडायचं बरंच कमी होतं. भाज्या आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीही चालतं, साबणाचं मात्र नको.

पाणी कमी द्या, पण नियमित द्या. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर, असं केलं की फळाच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडतो. ही कीड नव्हे. पाणी अनियमित झाल्यामुळे फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, म्हणून तो पडतो. औषध फवारून जात नाही, वेळेवर पाणी दिलं की पुढची फळं नीट येतात.

फुलं आली की सकाळी दहाच्या सुमारास झाड हलकं हलवा. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं परागण करतं, त्याला फक्त थरथर लागते. शेतात हे काम वारा आणि भुंगे करतात. आडोशाच्या गच्चीवर ते तुम्ही करा.

आणि एक स्थानिक शत्रू. आपला भाग तूर-हरभऱ्याचा. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि टोमॅटोचं फळ पोखरणारी अळी ही एकच. आजूबाजूला शेत असेल तर तिचे पतंग तुमच्या गच्चीवरही येणारच. दर पाच-सहा टोमॅटोमागे एक झेंडू लावा. पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतात. भोक पडलेलं फळ लगेच तोडून नष्ट करा.

वाळवणं म्हणजे नक्की काय होतं?

आता लेखाचा दुसरा अर्धा भाग. वाळवण आपल्याला नवीन नाही. माळवदावर कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, हरभऱ्याचा पाला वाळताना आपण लहानपणापासून बघतो. डिहायड्रेशन हे त्याच कामाचं मोजमाप केलेलं रूप आहे.

टोमॅटोत साधारण ९४ टक्के पाणी असतं. बुरशी आणि जिवाणूंना जगायला हे पाणी लागतं. पण प्रश्न फक्त किती पाणी आहे एवढा नाही, त्यातलं किती पाणी "मोकळं" आहे हा आहे. याचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी, ० ते १ च्या पट्टीवर. शुद्ध पाण्याची १. बहुतेक जिवाणू ०.९ च्या आसपासच थांबतात, बुरशी मात्र त्याच्या बरीच खाली तग धरते. ०.६ च्या खाली गेलं की काहीच वाढत नाही. वाळवणं म्हणजे पदार्थाला त्या रेषेखाली नेणं आणि तिथेच ठेवणं.

पाणी बाहेर कसं जातं? तीन गोष्टी लागतात: ऊब, कोरडी हवा आणि हवेची ये-जा. यातली कोरडी हवा ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. एक गणित बघा. बाहेर ३५ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा पेटीत शिरून ५५ अंशांपर्यंत तापली तर तिची आर्द्रता साधारण ११ टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी तेवढंच आहे, पण हवेची तहान जवळपास तिप्पट झाली. सोलर ड्रायरचं सगळं रहस्य एवढंच आहे.

म्हणूनच उदगीरला टोमॅटो वाळवायची उत्तम वेळ जानेवारी ते मार्च. आकाश निरभ्र, हवा कोरडी, आणि टोमॅटोही तेव्हाच तयार. पावसाळ्यात हेच काम केलं तर बुरशी जिंकते.

वजनाचं गणित: वाळलं की नाही कसं ओळखायचं?

"हाताला कडक लागलं म्हणजे वाळलं" हा अंदाज कधी कधी फसतो. वरून कोरडं, आतून ओलं असं होऊ शकतं. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा.

कापलेले टोमॅटो १००० ग्रॅम घेतले. ९४ टक्के पाणी, म्हणजे घन भाग ६० ग्रॅम. आपल्याला शेवटी १० टक्के ओलावा हवा, म्हणजे ६० ग्रॅम हा शेवटच्या वजनाच्या ९० टक्के असला पाहिजे. ६० भागिले ०.९ म्हणजे साधारण ६७ ग्रॅम. १ किलोचं वजन ६७ ग्रॅमच्या आसपास आलं की काम झालं. ९० ग्रॅम भरत असेल तर अजून एक दिवस ऊन द्या. मीठ लावलं असेल तर मिठाचं वजन वेगळं धरा.

याच गणितातून वापराचंही माप मिळतं. ५ ग्रॅम, म्हणजे साधारण चमचाभर टोमॅटो पावडर ही ७५ ग्रॅम ताज्या टोमॅटोची जागा घेते. म्हणजे एक मध्यम फळ.

गच्चीवरचा सोलर ड्रायर

साधी पेटी घरीच होते.

१. प्लायवूड किंवा जाड पुठ्ठ्याची उथळ पेटी घ्या. आत तळाला काळा रंग दिलेला पत्रा.

२. वरून काच किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट.

३. समोरच्या बाजूला खाली भोकं, मागच्या बाजूला वर भोकं. गरम हवा वर जाते, खालून नवीन हवा ओढली जाते. दोन्हीकडे मच्छरदाणीची जाळी लावा.

४. आत पत्र्यापासून दोन-तीन इंच वर ट्रे. टोमॅटो आंबट असतो, त्यामुळे ट्रेला जस्ताची जाळी किंवा ॲल्युमिनियम वापरू नका. स्टेनलेस स्टीलची जाळी किंवा स्वच्छ सुती कापड वापरा.

५. पेटीचं तोंड दक्षिणेकडे. उदगीर सुमारे १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून अक्षांशात १५ मिळवून साधारण ३३ अंशांचा उतार द्या. दिशा आणि उतार दोन्ही फोनमधल्या कंपास आणि लेव्हल ॲपने मोजता येतात. फक्त कंपास बघताना फोन पत्र्यापासून दूर धरा, लोखंडामुळे दिशा चुकते.

ही पेटी किती काम करेल? एक किलो पाणी उडवायला साधारण ०.६७ युनिट ऊर्जा लागते. आपल्याकडे निरभ्र दिवशी एक चौरस मीटरवर साडेपाच युनिटच्या आसपास ऊन पडतं. घरगुती पेटीने त्यातला पाव हिस्सा जरी वापरला तरी दिवसाला दोन किलो पाणी उडेल. म्हणजे एक चौरस मीटरच्या पेटीत चार किलो टोमॅटो दोन दिवसांत बरेचसे वाळतात, तिसरा दिवस शेवटच्या ओलाव्यासाठी.

इलेक्ट्रिक डिहायड्रेटर घ्यायचा विचार असेल तर तोही हिशोब करा. ४०० वॅटचं मशीन १० तास चाललं तर ४ युनिट. युनिटला ८ रुपये धरले तर ३२ रुपये. त्यात दोन-तीन किलो टोमॅटो वाळतील. लोडशेडिंग नसलेल्या, ऊन न येणाऱ्या फ्लॅटसाठी ठीक. उदगीरच्या गच्चीवर मात्र ऊन फुकट आहे.

स्टेप बाय स्टेप: टोमॅटो

१. पूर्ण लाल पण घट्ट फळं घ्या. डाग, भोक, बुरशी असलेली बाजूला काढा.

२. धुऊन, पुसून ६ ते ८ मिलिमीटरच्या चकत्या करा. सगळ्या सारख्या जाडीच्या. जाड-बारीक झालं की अर्धा माल करपतो, अर्धा ओला राहतो.

३. हवं तर किलोला १० ते १५ ग्रॅम मीठ लावून अर्धा तास ठेवा. सुटलेलं पाणी आमटीत वापरा.

४. एकच थर मांडा. चकत्या एकमेकींना चिकटू देऊ नका. दुपारी एकदा उलटा.

५. पेटीतलं तापमान ५५ ते ६५ अंश ठेवा. सुरुवातीलाच ७० च्या वर नेलं तर वरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी अडकतं. तापमान वाढलं तर झाकण थोडं उघडं ठेवा.

६. संध्याकाळी ट्रे घरात आणून झाका. रात्री हवा दमट होते आणि दिवसभर घालवलेला ओलावा परत येतो.

७. वाळल्यावर थंड होऊ द्या, मग काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा. सात दिवस रोज हलवा. काचेवर दव दिसलं तर लगेच काढून परत ऊन द्या. बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तर ती बरणी टाकून द्या, बुरशी काढून बाकीचं खाऊ नका.

८. सगळं ठीक असेल तर हवाबंद डब्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात डबा तापतो, रंग आणि चव दोन्ही जातात. डब्यावर तारीख लिहा आणि सहा महिन्यांत संपवा.

पावडर एकदम करून ठेवू नका. टोमॅटोतली साखर हवेतला ओलावा ओढते आणि पावडरीचा दगड होतो. चकत्याच ठेवा, लागेल तेवढ्या मिक्सरमधून काढा. आणि इंटरनेटवर दिसतात तसे वाळलेले टोमॅटो तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. तेलात हवा पोचत नाही आणि लसूण वगैरे घातला असेल तर धोकादायक जिवाणू वाढू शकतात. असं काही केलंच तर फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

बाकीच्या भाज्यांचं काय?

मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता: सावलीत, वाऱ्यावर वाळवा. थेट उन्हात रंग जातो आणि कॅरोटीनही कमी होतं.

गवार, भेंडी, कारली: गवार दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून लगेच गार पाण्यात टाका, मग वाळवा. उकळल्याने भाजीतली एन्झाइम्स थांबतात, त्यामुळे रंग आणि चव टिकते. भेंडी आणि कारली कापून मीठ लावून थेट पेटीत चालतात.

मिरची: पूर्ण लाल झाल्यावर. देठाजवळ ओलावा राहतो, तिथेच बुरशी सुरू होते, म्हणून देठ तपासा.

वाळवल्याने क जीवनसत्त्व बरंच कमी होतं. लायकोपीन, तंतू आणि खनिजं बऱ्यापैकी टिकतात. त्यामुळे वाळलेली भाजी ही ताज्याला पूरक आहे, बदली नव्हे.

फोन काय करू शकतो, काय नाही?

प्ले स्टोअरवर "थर्मामीटर" नावाची बरीच ॲप्स आहेत. बहुतेक फोनमध्ये हवेचं तापमान मोजणारा सेन्सर नसतोच. ही ॲप्स एक तर बॅटरीचं तापमान दाखवतात किंवा इंटरनेटवरून हवामान घेतात. पेटीच्या आतलं तापमान त्यांना कळत नाही. काही शे रुपयांत मिळणारं डिजिटल तापमान-आर्द्रता मापक घ्या. इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर डीएचटी२२ सेन्सर आणि ईएसपी३२ बोर्ड जोडून पेटीतले आकडे थेट फोनवर आणता येतात. इंजिनिअरिंगच्या मुलांना मिनी प्रोजेक्ट म्हणून हे झकास आहे.

हवामानासाठी मेघदूत ॲप वापरा. भारतीय हवामान विभाग, पुण्याची आयआयटीएम आणि भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी २०१९ मध्ये ते आणलं. मराठीत आहे आणि जिल्हावार कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा येतो. पुढचे तीन दिवस ढगाळ असतील तर चकत्या कापूच नका, हा निर्णय तुम्हाला तिथून घेता येतो.

पानाचा फोटो काढून रोग ओळखणारं प्लांटिक्ससारखं ॲप पहिला अंदाज घ्यायला उपयोगी आहे. पण फोटोवरून सुचलेलं औषध लगेच फवारू नका. घरच्या बागेतली फळं दोन दिवसांत ताटात येतात. शंका असेल तर तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जा.

यातून व्यवसाय होऊ शकतो का?

गच्चीवरच्या आठ झाडांतून नाही. झाडामागे तीन किलो धरले तरी २४ किलो. अर्धे ताजे खाल्ले तर उरलेल्या १२ किलोंचे जेमतेम ८०० ग्रॅम होतील. घराला पावसाळाभर पुरतील, दुकानाला नाही. पण बाजारात टोमॅटो पाच-दहा रुपयांवर येतो त्या दिवसांत तो विकत घेऊन वाळवला, तर हिशोब बदलतो.

हे मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं याचं उदाहरण मराठवाड्याच्या जवळचंच आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या डॉ. वैभव तिडके आणि सहकाऱ्यांनी उभी केलेली एस४एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी ग्रामीण महिलांना सोलर ड्रायर देते, त्यांच्याकडून वाळवलेला माल घेते आणि खाद्यउद्योगांना विकते. २०२३ मध्ये या कंपनीला कचरामुक्त जग या गटात अर्थशॉट पुरस्कार मिळाला, १० लाख पौंडांचा. त्यांच्या ड्रायरमध्येही तत्त्व वर सांगितलेलंच आहे: ऊब, कोरडी हवा आणि हवेची ये-जा. फरक आहे तो मोजमापाचा, स्वच्छतेचा आणि खात्रीच्या गिऱ्हाइकाचा.

विकायचं ठरवलंच तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा. केंद्राच्या २०२० मधल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेतले जातात का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. आणि मशीन घेण्याआधी गिऱ्हाईक शोधा, नंतर नव्हे.

तर सुरुवात कुठून?

दोन ग्रो बॅग, एक बियाण्याचं पाकीट आणि एक वजनकाटा. पहिल्या वर्षी एवढंच. सप्टेंबरचा रिमाइंडर आत्ताच लावा. तोवर बाजारातून दोन किलो स्वस्त टोमॅटो आणून वाळवायचा सराव करता येईल, फक्त ऊन कडक आणि हवा कोरडी असेल तेव्हा. घरात आजी किंवा काकू वाळवण घालत असतील तर त्यांना सोबत घ्या. ऊन कधी काढून घ्यायचं, वारा कुठून येतो, मुंग्या कशा टाळायच्या हे त्यांना तुमच्या ॲपपेक्षा जास्त कळतं. तुम्ही वजन आणि तापमान मोजा. दोन्ही मिळून पुढच्या जुलैत, भाव कितीही चढला तरी, आमटीत टोमॅटो असेल.